प्रेसवाल्याचा शेरा

बुद्धरत्न साळवेला कंपनीत कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. चाकणच्या प्रेस शॉपमध्ये तेवीस वर्षं पत्रे दाबून त्यानं गाड्यांचे दरवाजे काढले, तरी साहेबाला त्याचं नाव हजेरीत बघूनच आठवायचं. पण पुस्तकं ऐकायच्या ॲपवर त्याचा दरारा होता. तिथे त्याचं नाव ‘प्रेसवाला’. तीनशेच्या वर पुस्तकं ऐकलेली, प्रत्येकाखाली शेरा लिहिलेला. ‘आधी प्रेसवाला काय म्हणतो ते बघा,’ असं अनोळखी माणसं एकमेकांना सांगायची.

वाचायची हौस जुनी. चिखलीच्या दोन खोल्यांत वडिलांची पुस्तकांनी भरलेली लोखंडी पेटी होती. पण शिफ्ट करून आलेल्या माणसाचे डोळे दुसऱ्या पानावरच मिटतात. म्हणून त्यानं युक्ती काढली. मशीनवर कानात फोमची बोंडं घालायची आणि वरून कान झाकणारे मफ लावायचे, असा नियम. हा बोंडं खिशात टाकायचा, कानात इअरफोन घालायचा आणि वरून मफ चढवायचा. प्रेसच्या दणक्यात ऐकू यावं म्हणून आवाज कायम शेवटपर्यंत चढवलेला. सुपरवायझरला वाटायचं, साळवे सेफ्टीचा पक्का आहे.

भयकथांना त्यानं कधी भाव दिला नाही. ‘दार करकरलं म्हणून घाबरणाऱ्यांनी एकदा प्रेसखाली गेलेली बोटं बघावीत,’ असं त्यानं लिहिलं. शेजारच्या मशीनवर ती त्यानं बघितली होती. यशाचे मंत्र सांगणाऱ्यांवर तर त्याचा दातच होता. ‘पहाटे पाचला उठा म्हणतात. आम्ही तिसऱ्या शिफ्टला त्या वेळी जागेच असतो, अजून कुणी मोठं झालेलं नाही.’ मोठ्या माणसांच्या आत्मचरित्रांखाली तो लिहायचा, ‘ह्यांची गरिबी चौथ्या प्रकरणात संपते. आमची कितव्यात, ते कळवावं.’ ऐतिहासिक कादंबऱ्या मात्र लाडक्या. वाचणारे खर्जातल्या आवाजाचे पुरुष, आणि लढाई प्रेसच्या ठोक्यावर रंगायची. रहस्यकथांत अलीकडे खुनी कोण तेच त्याला कळेनासं झालं होतं, त्याचा दोष त्यानं लेखकांना दिला. प्रेमकथा बहुतेक बायका वाचायच्या. त्यांना दोन तारे आणि एकच शेरा: ‘आजकालच्या पोरी पुटपुटतात.’

आता खरं सांगायचं, तर पोरी काही पुटपुटत नव्हत्या.

वर्षातून एकदा कंपनीत कानाच्या तपासणीची गाडी यायची. काचेच्या खोलीत बसायचं, हेडफोनमध्ये शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. तीन वर्षांपूर्वी बुद्धरत्नला शिट्ट्या ऐकू येईनात. मग काचेतून त्याला पलीकडच्या ऑपरेटरचा खांदा दिसला. शिट्टी सोडताना तो खांदा हलायचा. खांदा हलला की हा बटण दाबायचा. एका सकाळी साठ माणसं उरकणाऱ्या ऑपरेटरला तेवढं बघायला सवड कुठली! रहिमान, याच्याच लाइनवरचा, याच्याहून सरळ. त्यानं ऐकू आलं तेवढंच दाबलं. त्याला आधी स्टोअरला टाकलं आणि आठ महिन्यांत ऐच्छिक निवृत्तीच्या कागदावर त्याची सही घेतली.

जाताना रहिमान म्हणाला होता, “भावा, कान दाखवून घे. बारीक आवाज आधी जातात. माझ्या नातीचा आवाज पयला गेला बघ.”

बुद्धरत्ननं ते हसण्यावारी नेलं. शिट्टी वेगळी, माणूस वेगळा, अशी त्यानं मनाची समजूत घातली. घरात मात्र एक सवय लावून घेतली. समोरच्याचं बोलणं थांबलंसं दिसलं, की ‘हां, हां’ म्हणून मोकळं व्हायचं. होकार दिला की कुणी पुन्हा विचारत नाही.

त्याची एकुलती एक मुलगी निशिगंधा चोवीस वर्षांची, थेरगावात दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर. लहानपणी ती पेटीतली पुस्तकं बापाला मोठ्यानं वाचून दाखवायची. बाप घोरायला लागला तरी वाचत राहायची. त्याच ॲपनं आवाजाच्या चाचणीत तिला निवडलं. एक प्रेमकथा, नऊ तासांची. दवाखाना सांभाळून दोन महिने तिनं ती रेकॉर्ड केली आणि घरात ब्रही काढला नाही. आडनावसुद्धा आईच्या माहेरचं लावलं. पप्पांनी नुसत्या आवाजावरून ओळखावं, एवढीच तिची हौस.

पप्पांनी पुस्तक ऐकलं. दीड तास ऐकलं आणि एक तारा देऊन लिहिलं: ‘वाचणारीच्या तोंडात गोटी आहे. एक शब्द धड नाही. हिच्या घरात कुणी ऐकणारं नाही का?’

दोनशे लोकांना शेरा आवडला. पुढच्या पुस्तकाचा करार निशिगंधाकडे आलेला होता, सहीला आठवडा उरलेला. तिची सही होईना.

रविवारी सकाळी तिनं पोह्यांच्या बशीशेजारी मोबाईल ठेवला. “पप्पा, हे तुम्हीच लिहिलंय ना?”

“मी नाही तर कोण? का, काय चुकलं?”

“हा माझा आवाज आहे.”

तिनं पुस्तक सुरू केलं. बुद्धरत्न मोबाईलकडे बघत राहिला. भिंतीपलीकडे कुणी बोलावं तसं काहीतरी येत होतं. त्यात त्याची लेक कुठेच नव्हती. त्याला रहिमानचे शब्द आठवले.

निशिगंधा जवळ सरकली आणि मोठ्यानं, सावकाश म्हणाली, “पप्पा, खरं सांगा. तुम्हाला कमी ऐकू येतं का? तसं असेल तर मला काही वाटणार नाही. उलट बरंच वाटेल.”

हे मात्र त्याला स्वच्छ ऐकू आलं. ओट्यापाशी मंजुषाचा, त्याच्या बायकोचा, हातही थांबला. एरवी प्रत्येक गोष्टीला ‘हां’ म्हणणाऱ्या माणसानं एवढ्या वेळी ‘हां’ म्हणायचं होतं! पण नोकरीची चार वर्षं उरली होती. पोरगी दवाखान्यात काम करणारी, उद्याच कानाच्या डॉक्टरकडे ओढत नेईल, मग रिपोर्ट, मग आपलाही रहिमान. आणि तीनशे शेऱ्यांचं काय? प्रेसवाला बहिरा निघाला म्हणून लोक हसतील, ही भीतीही त्यात होतीच.

“माझे कान ठणठणीत आहेत,” तो म्हणाला. “नाही आवडलं, म्हणून लिहिलं. आपली पोरगी म्हणून काय खोटं लिहू?”

असा हा सत्यवचनी माणूस. त्याची कीव करावी की त्याला दोन शब्द सुनवावेत, कळत नाही.

बुधवारी कंपनीत गाडी आली. खांदा हलला, याचं बोट हललं. शुक्रवारी शिक्का मारलेला कागद हातात पडला: ‘दोन्ही कान सामान्य.’ नवऱ्याचा कुठलाही कागद मंजुषा फाइलला लावायची, तसा हाही तिनं लावायला घेतला. संध्याकाळी निशिगंधानं तो तिच्या हातातून घेतला आणि दोनदा वाचला. रविवारी पप्पा नाही म्हणाले, तरी ते लपवत असतील, अशी तिला आशा होती. बाप बहिरा निघावा, अशी आशा करत ती पोर पाच दिवस थांबली होती. त्या शिक्क्यानं तीही संपली.

कागद आईकडे देऊन ती मोरीत कप विसळायला लागली. बापाकडे पाठ होती, नळ वाहत होता. ती काहीतरी बोलली. तिचा खांदा हलून थांबलेला बुद्धरत्नला दिसला.

“हां, हां,” तो म्हणाला.

ती वळली, त्याच्याकडे बघितलं, कप पालथे घातले आणि आतल्या खोलीत गेली.

मंजुषा त्याच्या शेजारी येऊन बसली. कानाशी तोंड नेऊन म्हणाली, “तिनं काय विचारलं, कळलं का तुम्हाला?”

त्यानं आतल्या खोलीकडे बघितलं.

“म्हणाली, ‘मग ते वाचायचं काम सोडून देऊ का?’ आणि तुम्ही हो म्हणालात.”

आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. चार पावलं टाकायची होती आणि एक वाक्य बोलायचं होतं.

“बरोबरच म्हणालो,” बुद्धरत्न म्हणाला आणि त्यानं मोबाईल उचलला. नवी ऐतिहासिक कादंबरी आली होती. वाचणारा पुरुष होता, आवाज खर्जातला. तासाभरानं त्यानं पाच तारे दिले आणि खाली लिहिलं: ‘वाचावं तर असं. शब्द न् शब्द ऐकू येतो.’