शेपटीला लिंबू-मिरची

आमच्या क्लबात माणसं सात आणि त्यातले पदाधिकारी सहा. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, मार्गदर्शक आणि प्रसिद्धीप्रमुख. प्रसिद्धीप्रमुख मी. रिमोटवर उडणारी छोटी विमानं उडवायचा हा क्लब, पण आमच्याकडं विमान यायच्या आधी फ्लेक्स आला. परभणीत भर चौकात लागला. त्यावर आम्हा सहा जणांचे हसरे चेहरे, आणि विमानाला जागाच उरली नाही म्हणून ते अध्यक्षांच्या कानापाशी, डासाएवढं.

सातवे म्हणजे मिस्त्री. बसडेपोच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले. विमान बनवायला आणि उडवायला येणारा क्लबातला हा एकच माणूस, त्यामुळं त्यांना पद द्यायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

मिस्त्रींचे हात थरथरायला लागले होते. चहाचा कप बशीत ठेवला की टकटक वाजायचा. रिमोटची कांडी तर केसभर हलवायची असते, ते त्यांच्याच्यानं होईना. त्याच हातांनी वर्षभर खपून त्यांनी बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचं एक पिवळं विमान बांधलं होतं. घरी कपाटावर चादरीखाली ठेवलेलं. पहिल्या दिवशीच आम्हाला म्हणाले, "हे शेवटचं. आता ब्लेड धरवत न्हाई. तुमच्यातला जो नीट शिकंल त्यानं उडवायचं. उडालेलं अन् सुखरूप उतरलेलं एकदा बघायचंय मला, बस." अध्यक्षांनी लगेच टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी वाजवल्या म्हणून आम्हीही वाजवल्या.

दर रविवारी सकाळी आम्ही बोरी गावाच्या बाजूला, उपाध्यक्षांच्या मोकळ्या शेतात जमायचो. शिकायला थर्माकोलची विमानं. विमान लांब जातंय तोवर सगळं ठीक. ते आपल्याकडं तोंड करून आलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि मग शिकलेल्या माणसाची जी फजिती होते ती बघण्यासारखी असते. सचिव दातांचे डॉक्टर. विमानाबरोबर ते स्वतःच गरगर फिरायचे आणि चक्कर येऊन बांधावर बसायचे. "अहो डाक्टरसाहेब, एवढी मोठी बाभळ दिसायली न्हाई का तुमाला?" मिस्त्री ओरडायचे. अध्यक्षांनी तर महिनाभरात चार विमानं मातीत घातली आणि चारही वेळा वाऱ्याला दोष दिला. वारा नव्हता त्या दिवशीसुद्धा.

आजूबाजूचे शेतकरी कौतुकानं बघायला यायचे. त्यांना वाटायचं फवारणीचा ड्रोन आलाय.

"औषध किती बसतंय यात?"

"बसत नाही."

"मंग करतंय काय?"

"उडतं."

"अन् मंग?"

"उतरतं."

"लय शिकलेले हायेत का तुमी लोकं?" असं विचारून एक आजोबा जे गेले ते परत आलेच नाहीत.

गंमत म्हणजे मला जमायला लागलं. मी कॉलेजातला क्लार्क. आयुष्यभर दुसऱ्याच्या सहीसाठी फाइल घेऊन दारात उभा राहणारा माणूस. पण हातात रिमोट आला की बोटं आपोआप शहाणी व्हायची. मिस्त्री पाठीमागं उभं राहून पुटपुटायचे, "अस्सं. घाई न्हाई. उतरू द्या त्याला त्याच्या मनानं." मला दोन गोष्टी त्यांनी पुन्हा पुन्हा घोकायला लावल्या. एक, उडवायच्या आधी विमान पंखांखाली दोन बोटांवर तोलायचं. सपाट राहिलं किंवा नाक जरा खाली झुकलं तर चांगलं. शेपूट खाली गेली तर उडवायचं नाही, मरतंय ते. आणि दुसरी, मैदानात पायलट म्हणेल ते खरं. पायलट नाही म्हणाला की विषय संपला, मग समोर कलेक्टर का असेना.

थंडीत एका रविवारी मिस्त्रींनी ते पिवळं विमान आणलं आणि माझ्या हातात दिलं. ऊर भरून आला माझा, खोटं कशाला बोलू.

आता पहिलं उड्डाण म्हणल्यावर अध्यक्ष गप्प बसतात होय? मांडव, सतरंजी, माइक, शाली, नारळ. मोकळ्या शेतात आम्ही सहा पदाधिकाऱ्यांनी एकमेकांचे सत्कार केले. पाऊण तास. मग विमानाची पूजा. हळद-कुंकू लागलं, हार पडला, तो मिस्त्रींनी हळूच काढून घेतला. तेवढ्यात अध्यक्षांनी पिशवीतून लिंबू-मिरची काढली. लिंबूही कसलं, पेरूएवढं, आणि खाली सात जाड मिरच्या. "एवढं देखणं विमान, नजर लागंल." पुढं पंखा फिरतो, तिथं बांधलं तर कोशिंबीर होईल, म्हणून सगळ्यांच्या विचारानं ती शेपटीला बांधायची ठरली. अध्यक्षांनी स्वतः गाठ मारली.

मिस्त्री म्हणाले, "साहेब, शेपटीला वजन चालत न्हाई."

"मिस्त्री, एवढ्याशा लिंबानं काय होतंय? श्रद्धेचा विषय आहे."

मिस्त्रींनी वाद घातला नाही. विमान उचलून माझ्यापुढं धरलं. "पायलट हे हायेत. हे तोलून सांगतील."

मी दोन बोटांवर तोललं. शेपूट धाडकन खाली गेली.

आता आमचे अध्यक्ष म्हणजे क्लासेसवाले सर. माझी पोरगी त्यांच्या क्लासला. पहिल्या बाकावर बसते, आणि त्या बाकासाठी मी काय काय केलंय ते माझं मला माहीत. वर्षभर त्यांच्या विनोदांना मी सगळ्यांच्या आधी हसत आलो होतो. सर माझ्याकडं बघत होते. मिस्त्रीही बघत होते. मी म्हणालो, "चालतंय. काही होत नाही."

विमान जमिनीवरून सुटलं ते नाक वर करूनच. नाक खाली यावं म्हणून कांडी पुढं, अजून पुढं, पार टोकाला दाबली मी, ऐकेचना. उभंच्या उभं वर गेलं, आभाळात क्षणभर थबकलं, एका पंखावर कलंडलं आणि शेजारच्या हरभऱ्यात नाकावर आपटलं. कड्कन आवाज आला. एक वर्ष आणि एक माणूस, सगळं मिळून दहा सेकंद.

अध्यक्षांनी माइक सोडलेला नव्हता. "बघा! केवढी नजर होती! लिंबू नसतं तर हे आपल्यातल्या कुणाच्या तरी डोक्यात पडलं असतं." सगळ्यांना पटलं. सचिवांनी तर हात जोडले.

मिस्त्री हरभऱ्यात वाकून तुकडे गोळा करत होते. हात थरथरत होते, उचललेला तुकडा परत खाली पडत होता. मी जाऊन शेजारी बसलो.

"काका, चुकलं माझं. हात जरा..."

"हात बरोबर होता तुमचा," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच लय लागलं मला. "बोटांवर धरलं तवाच तुमाला कळलं होतं, भाऊसाहेब. तोंडावर दिसलं मला. माझं कोण ऐकतंय इथं? तुमी न्हाई म्हणताल म्हणून मी वाट बघायलो होतो."

मागून माइकवर अध्यक्षांची हाक आली, सर्व पदाधिकाऱ्यांनी ग्रुप फोटोसाठी यावं.

हातातला पिवळा तुकडा मी मिस्त्रींपाशी ठेवला, गुडघ्याची माती झटकली आणि गेलो.