दारातला खोकला

तो खोकला मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, दारात कुणीतरी आलंय. नुकतं उजाडत होतं, खिडकीबाहेर येऊरच्या डोंगरावर एक ढग कूस बदलायच्या बेतात होता, आणि मी अर्धवट झोपेतच दार उघडायला गेले. डोंबिवलीच्या आमच्या जुन्या घरी लोक असेच यायचे. बेल असली तरी आधी उंबऱ्याबाहेर घसा खाकरायचे, म्हणजे आतल्यांना पसारा आवरायला तेवढाच वेळ मिळायचा. घोडबंदर रोडच्या या उंच इमारतीत कुणी खाकरत नाही. इथे पाहुणा आधी माझ्या मोबाइलवर उमटतो आणि मग देहाने येतो.

दारात कुणी नव्हतं. पायपुसण्यावर बाबांचं पिल्लू उभं होतं. मान पुढे काढून ते पुन्हा खोकलं आणि मग माझ्याकडे असं पाहू लागलं, जणू खोकले मीच होते.

आईला जाऊन वर्ष होत आलं तेव्हा बाबा माझ्याकडे राहायला आले. सोबत एक बॅग, पुस्तकांची खोकी आणि डोंबिवलीच्या जिन्याखाली सापडलेलं हे पिल्लू, खांद्यावरच्या शबनम पिशवीत. त्याची जात कुणालाच कळेना. केस मात्र इतके दाट, की हात घातला तर आत कुत्रा लागायला वेळ लागे.

बाबांनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतर व्याख्यानांना जाऊन वक्त्यांना शिकवलं. प्रश्नोत्तरं सुरू झाली की पहिला हात त्यांचा. आई शनिवारी स्कूटरला लिंबू-मिरची बांधायची आणि बाबा रविवारी सकाळी ती सोडून आणायचे. मिरच्या फोडणीत जायच्या, लिंबू पोह्यांवर. ‘आता बाधा झाली तर सगळ्यांनाच होईल,’ असं म्हणून ते आईच्या ताटलीतही फोड ठेवायचे आणि आई ती पिळून घ्यायची. त्यांचा संसार मला या एका फोडीत पुरता दिसतो.

आता ते माणसांशी फारसं बोलत नव्हते. कुत्र्याशी बोलत, तेही अहो-जाहो करून. ‘या. जेवलात का? बसा थोडं.’ मी हसले तर म्हणाले, ‘नवीन ओळख आहे अगं. एकदम अरे-तुरे बरं दिसत नाही.’ त्याच्यासाठी ते खाली उतरत, त्याच्यासोबत जेवत, त्याला दुपारी वर्तमानपत्र वाचून दाखवत. अग्रलेखाला त्याला झोप लागे, आणि त्यात मला त्याची समज दिसे. या पिल्लाला काही झालं तर बाबांचं काय होईल, हे मी मनातल्या मनातसुद्धा पूर्ण वाक्यात म्हणत नव्हते.

खोकला जाईना. कोरडा, घोगरा, धावलं की जास्त. शेवटी जरा ओकारीसारखं व्हायचं, पण बाहेर काहीच पडायचं नाही. मेट्रोच्या कामाची धूळ, असं बाबांचं निदान होतं, म्हणून आम्ही खिडक्या बंद करून बसलो. शेजारच्या काकूंनी मध-हळद सुचवली. आमच्या संकुलाला युरोपातल्या एका सरोवराचं नाव आहे आणि पाणी टँकरचं. संकुलाच्या अध्यक्षांनी ग्रुपवर लांबलचक संदेश टाकला, ‘कळावे’सकट. खोकणाऱ्या प्राण्यांनी मालवाहू लिफ्ट वापरावी, असा त्याचा मथितार्थ. बाबांनी तो पिल्लाला वाचून दाखवला. ‘तुम्हाला नोटीस आलीय. उत्तर द्यायचं का?’ पिल्लू खोकलं. ‘मुद्देसूद,’ बाबा म्हणाले.

मग आम्ही प्राण्यांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या बैठकीत छोटं कारंजं आहे आणि भिंतीवर टाय घातलेल्या कुत्र्यांची चित्रं. माणसांच्या डॉक्टरकडे माझी अशी सरबराई कधी झालेली नाही. आतली डॉक्टर मात्र तरुण, साधी आणि घाईत. पिल्लाला धरायचं काम बाबांचं. त्यांनी दोन्ही हातांनी त्याची मान धरली होती, काचेची बरणी धरावी तशी. डॉक्टरने छाती तपासली, ताप पाहिला, गळ्याच्या खालच्या बाजूला बोट दाबलं. लगेच खोकला आला.

‘लहान कुत्र्यांमध्ये हा इन्फेक्शनचा खोकला खूप असतो. औषध देते. आणि गळ्यातला पट्टा काढा, छातीवरून जाणारा घ्या. बरं वाटेपर्यंत अंघोळ नको.’

आम्ही शब्दशः पाळलं. त्यानंतर त्याच्या गळ्याला कुणाचा हात लागला नाही. अंघोळ घालायचे ते बाबाच, तीही थांबली. पट्टा गेल्यावर मानेवरचे केस आणखी फुलले आणि ते सिंहाच्या आयाळीसारखे दिसू लागले. लिफ्टमध्ये लोक त्या आयाळीत बोटं खुपसायला बघत आणि पिल्लू मागे सरे.

ते दिवस मला धुक्यातून पाहिल्यासारखे आठवतात. बंद खिडक्यांमुळे घरात एक पिवळट, पाण्याखालचा उजेड असायचा. दुपारी मी कामाच्या टेबलाशी डुलक्या घेई आणि त्या डुलकीत कुणीतरी दारात येऊन खाकरे. मी म्हणे, या, उघडंच आहे. कधी डोंबिवलीची गॅलरी दिसे, वाळत घातलेल्या चादरी, चादरीमागे आईचे फक्त पाय. चादर हलली की आता ती दिसेल असं वाटे आणि नेमका तेव्हाच पिल्लाला खोकला येई. जाग आल्यावर पाही तर बाबा त्याच्याजवळ जमिनीवर बसलेले, पाठीवरून हात फिरवत. फक्त पाठीवरून.

औषध संपलं, खोकला राहिला. आम्ही पुन्हा गेलो. या वेळी एक्स-रे काढला. डॉक्टरने पडद्यावर चित्र आणलं आणि मला क्षणभर ते फार सुंदर वाटलं. काळोखात तरंगणाऱ्या पांढऱ्या फासळ्या, मानेचे मणके, आणि गळ्याजवळ एकच बारीक, गोल, लख्ख ठिपका. चांदणी असावी तसा.

‘हे बघा,’ डॉक्टर म्हणाली. ‘काहीतरी गिळलंय याने. खडा, मणी, काहीतरी. हे बाजूने काढलेलं आहे, समोरून अजून एक काढते. श्वासनलिकेत असेल तर भूल देऊन दुर्बीण घालावी लागेल.’

‘भूल?’ बाबा म्हणाले.

‘हो आजोबा. धोका थोडा असतोच, एवढंसं पिल्लू आहे. पण ठेवूनही चालणार नाही.’

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. व्याख्यानात हात वर करण्याआधी ते हेच करायचे.

‘आत नाहीये तो,’ ते म्हणाले. ‘मणी बाहेर आहे.’

ते उठून टेबलापाशी गेले. ‘माफ करा हं,’ असं पिल्लाला म्हणाले आणि आयाळीतून दोन्ही अंगठे घालून त्यांनी केस बाजूला केले. आत काळा दोरा होता. काळ्या केसांत काळा, कातडीत रुतलेला, आणि पुढे, नेमका श्वासनलिकेवर, एक काळा मणी. पिल्लू वाढलं होतं. दोरा वाढला नव्हता.

मी तो मणी ओळखला. आईच्या मंगळसूत्रातला होता. सोन्याच्या वाट्या बाबांनी मला दिल्या होत्या. मणी कुठे गेले, हे मी विचारलं नव्हतं.

‘कधी बांधलात?’ मी विचारलं.

‘इथे आलो तेव्हा. लिफ्टमध्ये जो तो याला म्हणायचा, किती गोड, किती गोड.’ ते मणी दोन बोटांत धरू पाहत होते, पण मधे फट उरली नव्हती. ‘सैल होता गं. करंगळी जात होती. मी बघितलं होतं.’

‘बाबा, तुम्ही?’

 ते शाळेत फळ्याकडे पाहून बोलावं तसं त्या पडद्याकडे पाहून म्हणाले, ‘तुझ्या आईच्या आजारपणात सगळं शास्त्राप्रमाणे केलं. ती म्हणत होती, गावाहून दोरा मागवू या. मी हसलो. याच्या वेळी म्हटलं, दोन्ही करू.’

डॉक्टर बोथट टोकाची कात्री घेऊन आली. उपदेश करील म्हणून मी अंग चोरून उभी होते, पण ती फक्त म्हणाली, ‘केस धरा आजोबा, असेच. आमच्याकडे दर महिन्याला निघतात असे. मी बघायला हवं होतं पहिल्या वेळीच.’

‘मीच धरून बसलो होतो,’ बाबा म्हणाले. तेवढ्यात त्यांची नजर खाली गेली. ‘तुमच्या पायात काय आहे?’

डॉक्टरच्या घोट्याला काळा दोरा होता. ‘हे? फॅशन आहे हो.’

‘हेही तेच समजा,’ बाबा म्हणाले.

कात्री आत सरकली, बारीक आवाज झाला आणि दोरा सुटला. खाली केस झडलेली एक गुलाबी रेघ होती, एका जागी जराशी ओलसर. पिल्लाने अंग झाडलं, मान लांब केली, आणि मग एक श्वास घेतला. इतका लांब, की आम्ही तिघंही तो संपायची वाट पाहत राहिलो. खोकला लगेच गेला नाही. श्वासनलिका सुजली होती, मलम आणि गोळ्या होत्या. पण तो विरळ होत गेला, पाहुणे परतायला लागल्यावर घर विरळ होतं तसा, आणि एका सकाळी मला जाग आली ती कशानेच नाही.

मणी बाबांनी खिशात घालून आणला होता. पुढे त्याचं काय केलं, मला माहीत नाही. खिडक्या आम्ही उघडल्या. धूळ आली, डोंगरही आला.

परवा आम्ही तिघं लिफ्टने खाली जात होतो. मधल्या मजल्यावर अध्यक्ष आत आले. खाली वाकून म्हणाले, ‘अरे वा! बरा झाला? किती गोड दिसतोय!’

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा हात कोटाच्या खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

‘कसला गोड!’ बाबा म्हणाले. ‘घाणेरडा आहे. चपला खातो, चोऱ्या करतो, वास मारतो. बघवत नाही.’

अध्यक्ष सरळ उभे राहिले. तळमजल्यावर दार उघडलं. बाहेर ऊन पडलं होतं. बाबांनी पट्टा हलकेच सैल सोडला.

‘चल रे,’ ते म्हणाले.