माईंचा रविवारचा टोप

माईंचा प्रेशर कुकरवर विश्वास नव्हता. झाकण घट्ट लावलेल्या भांड्यात काहीतरी लपवलं जातं, असं त्यांचं ठाम मत होतं. "भितुर काय चल्लाहा ता दिसता काय?" त्या विचारत. त्यामुळे चारकोपच्या आमच्या बैठ्या घरांच्या रांगेत, माझ्या भिंतीला भिंत लागून असलेल्या त्यांच्या घरी, रविवारचं मटण टोपात शिजे आणि माई शेजारी बसून त्यावर नजर ठेवत.

खाटकाकडे त्या कधी दुसऱ्या कोणाला पाठवत नसत. मी एकदा रांगेत त्यांच्या मागे होतो.

"गेल्या वेळी छाती सांगितली नि चरबी बांधलीस. आज माझ्यासमोर तोड."

"माई, आता बोकडपण तुमच्यासमोरच कापू का?"

"कापशील तर बरं होईल."

घेत मात्र अर्धा किलोच, त्यातही निम्मी हाडं आणि नळ्या. बाकीचा टोप भाजीने भरायचा: लाल भोपळा, शेवग्याच्या शेंगा, बटाटे, फ्रिजच्या तळाशी मऊ पडलेला दुधी. वर भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटप आणि मे महिन्यात कुटून आणलेला मालवणी मसाला. भोपळा विरघळून रस्सा दाट होई. त्यात माई, मुलगा राजन, सून सुजाता आणि अचानक आलेले पाहुणे जेवत. बहुतेक वेळा मीही. "मटणाचे वाटे घातले की रुसवे होतत," माई म्हणत. "रस्सो सगळ्यांका पुरता."

त्यांच्याकडे घरातल्या वारलेल्या माणसांसाठी आधी पान वाढायची रीत होती. त्याला त्या वाडी म्हणत. वाडी दाखवण्याआधी टोपातलं कोणी चाखायचं नाही. म्हणून माई सगळं वासावर ठरवत. वाफेवर वाकायच्या, डोळे मिटायच्या आणि चिमूटभर मसाला घालायच्या किंवा हात आवरायच्या. अंदाज चुकत नसे.

एका हिवाळ्यात त्यांना मोठा ताप आला. त्यातून उठल्या तेव्हा आधी खाटकावर संशय घेऊ लागल्या: बोकडाला वासच नाही. मग मसाला कुटणाऱ्या गिरणीवर. गिरणीनंतर सुजातावर.

"मसालो बदललंस तू. दुकानातलो आणून भरलंस."

"आई, बरणी तुमच्या कपाटात, किल्ली तुमच्या कमरेला. मी कशी बदलणार?"

"ताच शोधून काढतंय मी."

वास येईपर्यंत माई मसाला घालत राहिल्या. रस्सा काळपट होत गेला. राजन घाम पुसत जेवायचा आणि काही बोलायचा नाही. मीही बोललो नाही. सुजाता रविवारी माहेरी, मुलुंडला, जाऊ लागली. एका संध्याकाळी भिंतीपलीकडून तिचा आवाज स्पष्ट ऐकू आला: "घाटकोपरला भाड्याने जागा बघ. चोर ठरून मी इथे राहणार नाही."

एका जागेची माहिती मिळाली. ती बघायला राजन आणि सुजाता ज्या रविवारी निघणार होते, त्या सकाळी मला करपल्याचा वास आला. मी शेजारी गेलो. टोपातून धूर येत होता आणि माई त्याच्या शेजारी निश्चिंत बसल्या होत्या.

"माई, करपतंय!"

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुका तिनाच धाडल्यान ना?"

मी गॅस बंद केला. माईंनी पळीने तळ खरवडला. काळा थर वर आला. त्यांनी पळी नाकाशी नेली, खाली घेतली, पुन्हा नेली.

"माका वास येना नाय," त्या म्हणाल्या.

सुजाता दारात उभी होती, बाहेर जायच्या कपड्यांत, खांद्याला पर्स. माईंनी तिच्याकडे न बघता पळी पुढे केली. "वरचा चाखून बघ. पुरतो गेलो काय?"

"अजून वाडी दाखवायचीय, आई."

"तेंका काय ता मी सांगतंय. तू चाख."

सुजाताने फुंकर मारून चाखलं. तिला ठसका लागला. "करपलाय थोडा. तिखट मात्र भयंकर आहे."

"दरवेळी असता?"

"कित्येक महिने."

सुजाताने पर्स खुंटीला अडकवली, वरचा रस्सा दुसऱ्या टोपात ओतला आणि बटाटे सोलायला घेतले. जागा बघायची राहिली, ती राहिलीच.

त्यानंतर टोप सुजाताकडे आला. माई बाजूला बसत. खाटीक, दूधवाला, सोसायटीचा सेक्रेटरी यांच्यावरचा संशय शेवटपर्यंत कायम होता. जेवताना मात्र रस्सा कसा झालाय असं कोणी विचारलं, की त्या एकच उत्तर देत: "बरो झालोहा."

गेल्या पावसाळ्यात त्या वारल्या. त्याआधी एका रविवारी, सुजाता आत गेल्यावर, मी त्यांना विचारलं की वास नाही, चव नाही, मग बरा झालाय हे कळतं कसं?

माईंनी दाराकडे पाहून घेतलं.

"माका कळना नाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ती वाढताना सांगता, बरो झालोहा म्हणून. ती खोटा बोलना नाय."