मंडालेच्या दरवाजाचे चित्र

रत्नागिरीच्या बाजारात तसबिरींना चौकटी करून देणाऱ्या सोनूबाईला लोक तोंडावर सोनूबाई म्हणत आणि पाठीमागे बर्मीण. तिची आई, इंग्रजांनी ब्रह्मदेशातून रत्नागिरीस आणून ठेवलेल्या थिबा राजाबरोबर मंडालेहून आलेली, राणीच्या दासींपैकी एक. आली तेव्हा पोरसवदा होती. राजाच्या बागेत काम करणाऱ्या केरूशी तिचे लग्न झाले आणि सासरी तिचे नाव काशी ठेवले. पुढे राजा वारला, त्याच्या घरची माणसे ब्रह्मदेशी परतली, बरोबर बरेच नोकरही गेले. काशी मागे राहिली. नवरा इथला, मुलगी इथली, जाणार कुठे?

सोनूबाईचा नवरा रावजी तापाने गेल्यावर दुकान तिनेच हातात घेतले. काच कापणे, लाकडी पट्ट्यांचे कोपरे जुळवणे हे ती त्याच्या शेजारी बसून शिकली होती. काम बहुतेक देवांच्या तसबिरींचे. गावाने तिला काम दिले, पण एक गोष्ट गावाने कधी सोडली नाही. राणीच्या दासींनी येताना माणके लपवून आणली, असे लोक बोलत. रावजीने घरावर कौले चढवली तेव्हा शेजारच्या बाईने हसत विचारले होते, "कुठलं माणिक मोडलंत?" सोनूबाई त्यानंतर त्या बाईच्या घरी हळदीकुंकवाला गेली नाही.

१९३० साल होते. मिठाच्या सत्याग्रहाने जिल्हा तापला होता. कोणाच्या घरात कसले चित्र टांगले आहे, यावरही पोलिसांची नजर असे. अशा दिवसांत राजाभाऊ वकील एक गुंडाळी काखेत मारून दुकानात आले. ते गावातल्या एका वाचनालयाचे चिटणीस होते. विलायतेला परतणाऱ्या एका गोऱ्या न्यायाधीशाने वाचनालयाला ही चित्रे भेट दिली होती. जुन्या इंग्रजी साप्ताहिकांतली, लाकडी ठशांवरून छापलेली, सगळी लढायांची.

राजाभाऊंनी ती फळीवर पसरली आणि एकेकाखालचा इंग्रजी मजकूर मराठीत सांगत गेले. रशियाच्या तोफांवर तुटून पडलेले घोडेस्वार. काबूलची खिंड. मोठ्या मिशांचे दोन सेनापती. दिल्लीची पडलेली वेस. मग त्यांनी पुढचे चित्र उचलले.

"मंडाले. राजवाडा लुटून पळणाऱ्या राणीच्या दासी," त्यांनी वाचले, आणि आपण कुठे बसलो आहोत हे त्यांच्या ध्यानात आले.

चित्रात एक उंच दरवाजा होता, वर मजल्यावर मजले चढवलेला मनोरा. दरवाजातून डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बायका बाहेर पडत होत्या. बायका हसत होत्या. बाजूला संगिनी घेतलेले गोरे शिपाई शांतपणे उभे होते.

"जुन्या गोष्टी आहेत सोनूबाई," राजाभाऊ खाकरून म्हणाले. "दसऱ्यानंतर कलेक्टर साहेब येणार आहेत वाचनालयाच्या नव्या दालनाच्या उद्घाटनाला. तेवढी वेळेवर द्या."

सोनूबाईने बाकीची चित्रे केली. ते एक तिने काचांच्या मागे ठेवले. ते टांगले की गावाच्या तोंडी असलेली गोष्ट छापील होणार, हे तिला कळत होते. न करावे, तर न्यायाधीशाच्या देणगीचे काय केलेस, असे कोणीही विचारणार. शेवटी एका दुपारी ते चित्र घेऊन ती चुलीपाशी गेली. काशी तिथे पेज ढवळत बसली होती. तिने लेकीचे मनगट धरले.

"काय जाळतेस?"

"काही नाही, आये. लबाडी आहे ती."

काशीने कागद तिच्या हातून घेतला आणि मागच्या दारात उजेडाला नेला. डोळ्यांजवळ धरून तिने मनोऱ्याचे मजले मोजले.

"दरवाजा असाच होता," ती म्हणाली. "कोणी काढलंन गो हे?"

सोनूबाईने खाली काय लिहिले आहे ते सांगितले. दडवून उपयोग नव्हता.

"गाठोडी होती, खरं आहे," काशी म्हणाली. "माझ्या डोकीवर पांघरुणं होती आणि भाताचं भांडं. शिपायांनी दरवाजात गाठी सोडून सगळं बघितलंनी. आम्ही रडत होतो. हे काढणाऱ्यानं आम्हाला हसवलंन."

"म्हणूनच जाळते."

"नको. इकडे आल्यापासून तो दरवाजा मी बघितला नव्हता. मला आठवेनासा झाला होता. लाव तू ते. खालची अक्षरं तेवढी नकोत."

सोनूबाईने अक्षरे कापली नाहीत. चित्र दुसऱ्याचे होते. तिने काळ्या पुठ्ठ्याची रुंद किनार कापून चित्राभोवती बसवली, आणि खालच्या बाजूला ती इतकी रुंद ठेवली की मजकूर पुरता झाकला गेला. मग काच लावून मागून बारीक खिळे ठोकले. हमाल चित्रे घेऊन गेले.

उद्घाटनाच्या दिवशी ती आईला घेऊन वाचनालयाच्या ओसरीवर, खांबाशी उभी राहिली. आत साहेब एकेका चित्रापुढे थांबून खालचा मजकूर मोठ्याने वाचत होते. मागे राजाभाऊ, त्यांच्या मागे गावातली प्रतिष्ठित मंडळी, आणि दाराशी एक फौजदार. मंडालेच्या चित्रापाशी साहेब वाकले. वाचायला काही नव्हते. त्यांनी वळून राजाभाऊंना विचारले.

राजाभाऊंनी काळी किनार पाहिली. मग दाराकडे पाहिले. सोनूबाईने नजर खाली घेतली नाही, पण मुठीत धरलेला पदर सोडायचे तिला सुचले नाही. राजाभाऊ इंग्रजीत दोनचार शब्द बोलले. साहेबांनी मान हलवली आणि ते पुढच्या सेनापतीकडे वळले.

पानसुपारी झाल्यावर राजाभाऊ तडक ओसरीवर आले.

"काय सांगितलंत त्यांना?" सोनूबाईने विचारले.

"मंडालेचा राजवाडा, एवढंच. फौजदार दारात उभा होता सोनूबाई. कोणी बोट दाखवलं असतं तर मी तुम्हाला वाचवू शकलो नसतो. मला विचारायचं तरी होतंत."

"तुम्ही हो म्हटलं असतंत?"

त्यांनी दालनाकडे पाहिले. एवढ्यात काशी आत गेली होती. त्या दालनात बायका सहसा जात नसत, पण तिला कोणी अडवले नाही. काचेवर बोट ठेवून ती दरवाजातून बाहेर येणारी वाट चाचपत होती. राजाभाऊ तिच्या मागे जाऊन उभे राहिले.

"आजी, तुम्ही तिथे होतात?"

"होते."

"मग हे असंच झालं?"

"दरवाजा खरा," काशी म्हणाली. "बायका खोट्या."

पुढे वाचनालयाच्या मंडळींत कुरकूर झाली. बाईने देणगीच्या चित्रावर हात चालवला, असे काहींचे म्हणणे पडले, आणि चौकटींचे काम दुसऱ्याकडे गेले. पण चिटणीस होते तोवर राजाभाऊंनी ती चौकट कोणाला उघडू दिली नाही. दुपारी दालन रिकामे असे तेव्हा काशी अधूनमधून जाऊन त्या चित्रापुढे बसायची. पाय चालेनासे झाले तेव्हा तिचे जाणे थांबले, आणि त्यानंतरच्या शिमग्याच्या सुमारास ती गेली.

माणकांची गोष्ट गावात चालूच राहिली. काशीच्या बाराव्यालाही ती कोणीतरी काढली. सोनूबाई तेव्हा पाने वाढत होती. तिने ऐकले, आणि त्या माणसाच्या पानात भात वाढून ती पुढच्या पानाकडे गेली.