नावाड्याचे चार पॉइंट

हेडमास्टरांच्या टेबलावर एकोणतीस मार्कांचा पेपर पडला होता आणि रंगस्वामी सर मला तिसऱ्यांदा सांगत होते की या मुलीला इंग्रजी येत नाही. पास व्हायला पस्तीस लागत. सहा मार्क कमी पडले म्हणून सुलोचनाचं नाव सिलेक्शनच्या यादीतून उडालं होतं.

सिलेक्शन म्हणजे काय ते आधी सांगतो. ही बासष्ट सालच्या आसपासची गोष्ट. मी बेळगावकडचा. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि पोटासाठी बेंगलोरच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवणं, असा माझा संसार. एस.एस.एल.सी.च्या बोर्डाच्या परीक्षेला बसण्याआधी शाळा स्वतःची एक परीक्षा घेई. तीत जो नापास होईल त्याचा फॉर्म बोर्डाकडे जातच नसे. कच्ची मुलं आधीच गाळली की शाळेचा निकाल झकास लागतो. पेपरात शाळेचं नाव येतं. गाळलेल्या मुलांचं पुढे काय होतं, हे कुणाच्या पेपरात येत नाही.

सुलोचना माझ्या वर्गातली. घर कॉटनपेटेत, वडील शिंपी. ही मंडळी कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेली. मराठी बोलत, पण निम्मी कन्नड. यादी लागली त्याच दुपारी वडील शाळेत आले. गळ्यात टेप तशीच होती. भांडायला आले असतील असं मला वाटलं होतं. पण हा माणूस भांडला नाही.

"सर, होसकोट्याहून स्थळ दोनदा सांगून आलं. पोरगी शिकते म्हणून मी थांबवलं," ते म्हणाले. "आता शाळाच नको म्हणते तर मी काय करू? सरी, होकार देऊन टाकतो."

मी त्यांना दोन दिवस थांबायला सांगितलं आणि तो पेपर मागून घेतला.

आमच्याकडे एका वर्गाचे पेपर दुसऱ्या वर्गाचे सर तपासत. सुलोचनाचा पेपर रंगस्वामी सरांकडे गेला होता. ते आमचे सीनियर. तपासायची पद्धत अशी की प्रत्येक उत्तराचे पॉइंट ठरलेले. उत्तरात तो शब्द सापडला की त्याखाली लाल रेघ आणि दोन मार्क. सापडला नाही तर शून्य. वाक्य वाचायची गरज नसे. पॉइंट कुठून यायचे? अ‍ॅव्हेन्यू रोडवर मिळणाऱ्या गाईडमधून. त्या गाईडच्या कव्हरवर 'एक अनुभवी शिक्षक' एवढंच छापलेलं असे, आणि तो अनुभवी शिक्षक म्हणजे रंगस्वामी सर हे शाळेच्या शिपायालासुद्धा ठाऊक होतं. मुलं गाईड पाठ करत, सर ते पाठ झालंय का हे बघत, आणि या व्यवहाराला आम्ही इंग्रजी म्हणत असू.

मी स्टाफरूममध्ये बसून पेपर वाचला आणि माझं डोकं फिरलं.

पाठ्यपुस्तकात एका म्हाताऱ्या नावाड्याचा धडा होता. तो पुरातून माणसं पलीकडे नेतो आणि त्यांनी देऊ केलेलं बक्षीस नाकारतो. प्रश्न नेहमीचा: त्याने बक्षीस का नाकारलं? गाईडप्रमाणे चार पॉइंट. तो निःस्वार्थी होता, देवभोळा होता, समाधानी होता, थोर मनाचा होता. सुलोचनाने लिहिलं होतं की म्हाताऱ्याला लाज वाटली. कारण मधल्या धारेत त्याने वल्ही थांबवून मागे किनाऱ्याकडे पाहिलं होतं. परत फिरावं असं त्याच्या मनात आलं होतं, आणि ते नावेतल्या कुणाला कळलं नव्हतं. त्याला एकट्यालाच माहीत होतं.

मी पुस्तक उघडलं. ते वाक्य धड्यात होतं. मी तो धडा सहा वर्षं शिकवत होतो आणि त्या वाक्यावर एकदाही थांबलो नव्हतो. आठपैकी शून्य मार्क होते.

दुसरा प्रश्न पत्राचा. सहलीला जायची परवानगी मागणारं पत्र वडिलांना लिहा. गाईडमधली मुलगी होस्टेलात राहते, खुशाल असते आणि वडिलांच्या खुशालीची आशा करते. आमच्या शाळेतलं एक मूल होस्टेलात राहत नव्हतं, तरी सगळीच्या सगळी होस्टेलातून पत्र लिहीत. सुलोचनाने लिहिलं होतं: अण्णा, तुम्ही बाहेरच्या खोलीत मशीनवर बसला आहात, म्हणून मी वर पत्ता घातलेला नाही. हे पत्र शेजारची अक्का तुम्हाला आपल्या भाषेत वाचून दाखवेल. ती हसली तर तिच्याकडे लक्ष देऊ नका. मशीनचा आवाज थांबला की मी समजेन, तुम्ही ऐकताय.

इंग्रजीत दोन-चार चुका होत्या. पत्ता नाही, तारीख नाही, त्याचे मार्क जायला हवेत, मान्य. पण दहापैकी शून्य? रंगस्वामी सरांनी पत्रावर आडवी रेघ मारली होती आणि समासात 'नॉट अ लेटर' लिहिलं होतं. मला विचाराल तर त्या गठ्ठ्यात तेवढं एकच पत्र होतं.

म्हणून मी पेपर घेऊन हेडमास्टरांच्या खोलीत गेलो. ते गणिताचे, पण इंग्रजीचा त्यांना फार अभिमान. वर्तमानपत्राच्या संपादकांना महिन्यातून एक पत्र तरी जाईच. मी बोललो, रंगस्वामी सर बोलले. आमचे आवाज चढले. हिला मार्क दिले तर बाकी चाळीस मुलांना काय तोंड दाखवू, असं रंगस्वामी सरांचं म्हणणं. मी म्हटलं, चाळीस मुलांनी तुमचंच उत्तर तुम्हाला परत केलंय, त्यात त्यांचं काय आहे? हेडमास्टर घड्याळाकडे बघू लागले.

तेव्हा मी धडा उघडून त्यांच्यापुढे ठेवला. "सर, आपण वाचा आणि या प्रश्नाचं उत्तर लिहा. रंगस्वामी सर तपासतील."

मी उद्धटपणा करतोय असं त्यांना वाटलं, आणि मी करतच होतो. पण अभिमान आडवा आला. त्यांनी धडा वाचला, फाउंटन पेन उघडलं आणि बारा ओळी लिहिल्या. सुंदर इंग्रजी. संकटात माणूस माणसाला मदत करतो ते निःस्वार्थीपणे, त्याचं मोल ठरवायचं नसतं, वगैरे. कागद त्यांनी रंगस्वामी सरांकडे सरकवला.

रंगस्वामी सरांनी लाल पेन काढलं आणि तसंच हातात धरून ठेवलं. मी गाईडमधले चार पॉइंट वाचून दाखवले. निःस्वार्थी सापडलं. देवभोळा नाही. समाधानी नाही. थोर मनाचा नाही.

"मला आठपैकी दोन?" हेडमास्टर म्हणाले.

मग रंगस्वामी सर हळू आवाजात म्हणाले, "सर, मी बोर्डाचे पेपर इतकी वर्षं तपासतोय. तिथली उत्तरांची कीसुद्धा हीच असते. मी त्या मुलीचा वैरी नाही."

ते खरं बोलत होते, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

हेडमास्टरांनी यादी मागवून स्वतःच्या हाताने सुलोचनाचं नाव घातलं. मी दाराशी पोचलो तेव्हा त्यांनी मला थांबवलं. "तिला गाईड पाठ करायला सांगा. हे मी हेडमास्टर म्हणून सांगत नाही."

मी तिला तसं सांगितलं नाही. जिंकून आलो होतो ना. उलट वर्गात तिचं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं.

सुलोचना पास झाली, इंग्रजीत अठ्ठावन्न मिळाले. म्हैसूरपाक घेऊन वडिलांबरोबर घरी आली. होसकोट्याला नाही म्हणून कळवलं, आता टीचर्स ट्रेनिंगला घालतो, असं वडील म्हणाले. मी मोठ्या हौसेने तिला विचारलं, बोर्डाच्या पेपरात काय काय लिहिलंस?

"गाईडमधलंच, सर," ती म्हणाली. "सगळं पाठ केलं होतं. शाळेत तुम्ही भांडलात. तिथं माझ्यासाठी कोण भांडणार होतं?"

वडील कौतुकाने तिच्याकडे बघत होते. मी म्हैसूरपाकाचा तुकडा तोंडात टाकला आणि छान केलंस असं म्हटलं. त्या अठ्ठावन्न मार्कांचा राग मला आजही येतो. पुढे सव्वीस वर्षं मी नोकरी केली. शाळेचे पेपर तपासताना आधी उत्तर वाचत असे आणि मग मार्क देत असे. बोर्डाचे पेपर मात्र कीप्रमाणेच तपासले, कारण तिथे तसंच करायचं असतं, हे तोपर्यंत मीही शिकलो होतो.