भिवाची जीभ

आमच्या लालबागच्या चाळीत भिवा परबची जीभ ही सार्वजनिक मालमत्ता होती. लग्नाचं सार उतरवण्याआधी आचारी पळी घेऊन त्याच्या दाराशी यायचा. सकाळी नळ आला की भिवा ओंजळभर पाणी पिऊन जाहीर करायचा, "आज तानशाचा नाय, वैतरण्याचा." तपासायला तलावापर्यंत कोण जाणार? त्याचा अधिकार अबाधित राहिला.

ही जीभ गिरणीने घडवली होती. भिवा तिथला पंपवाला. आवारात मोठं तळं आणि काठाला विहीर. उन्हाळ्यात तळं खाली गेलं की विहिरीचं पाणी त्यात सोडायचं. पण समुद्र जवळ. विहीर फार उपसली की जमिनीखालून खारं पाणी आत शिरतं. म्हणून भिवा थोड्या थोड्या वेळाने पाणी चाखायचा आणि जीभ नको म्हणाली की पंप बंद करायचा.

ब्याऐंशीच्या संपात तोही गेटबाहेर बसला. मे महिन्यात तळ्यावर घारी फिरू लागल्या, तेव्हा आत काय चाललंय ते त्याला बाहेरून कळत होतं. पंप लावायला आत जायचं तर संप मोडायचा. तो गेला नाही. तळं आटलं, सगळे मासे मेले.

गिरणी पुन्हा उघडलीच नाही. तळं मात्र पावसाने भरलं. कमळं आली, अडई बदकं आली, आणि बारा वर्षांनी सरकारने ते राखीव केलं. गिरणीतून उठवलेल्यांत बदकांचीच तेवढी सोय झाली, असं चाळीत म्हणत. विहीर ओळखणारा एकटा भिवा, म्हणून त्याला परत बोलावलं. "आता माझ्या जित्तेपणी ह्या तळा सुकूचा नाय," त्याने सगळ्या चाळीला सांगितलं.

काही वर्षांनी हेरंब साठे नावाचा तरुण साहेब देखरेखीला आला. त्याने पाण्यातलं मीठ मोजायचं यंत्र दिलं. भिवाने ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून पंपघरातल्या कपाटात ठेवलं. दर दसऱ्याला बाहेर काढून हळदकुंकू लावायचा. चालू एकदाही केलं नाही.

"भिवाकाका, वापरा की ते."

"साहेब, मशीनीक तहान लागता काय? मगे तिका पाण्यातला काय कळतला?"

हेरंब हसला. आम्हीही ती गोष्ट वर्षभर पुरवून पुरवून सांगितली.

त्यानंतरच्या मे महिन्यात कमळाच्या पानांच्या कडा करपल्या. भिवा म्हणाला, ऊन. आठवड्याभरात अडया उडून गेल्या. भिवा म्हणाला, बाजूच्या टॉवरच्या बांधकामाचा आवाज. मग एका सकाळी सगळ्या काठाने मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते.

हेरंब धावत आला. भिवाने विहिरीचं पाणी चाखलं, पुन्हा चाखलं. "गोड आसा." हेरंबने कपाट उघडलं, हळद पुसली आणि यंत्र पाण्यात धरलं. मिठाचा चढलेला आकडा पाहून त्याने ते भिवापुढे केलं.

तेवढ्यात भिवाची बायको तुळसा डबा घेऊन आली. भिवाने तिथेच डबा उघडून डाळीचा घोट घेतला.

"मीठ घातलंस मां?"

"दोन म्हयने घालूक नाय. डॉक्टरान बंद केल्यान तुमचा." ती मासे बघून दबकत बोलत होती. "पयल्या दिवशी म्हटलंय, आता डबो फेकतले. तुमी कायच बोलाक नाय. माका वाटला, शाणे झालास."

भिवाने डबा झाकला. पंपाची चावी हेरंबच्या हातात दिली.

दुसऱ्या सकाळी तो गेटबाहेर, संपात बसायचा त्याच जागी बसला होता. हेरंबने दोनदा आत बोलावलं, पण उठला नाही. आत पंप सुरू झाला. भिवा कान देऊन ऐकत राहिला, आणि मग भिंतीवरून ओरडला,

"साहेब, आकडो बघलास?"