मामांच्या आंब्यावरचा स्वर्गीय नर्तक

मागच्या रविवारी करमाडला मामांच्या शेतात होते. ओढ्याकाठच्या आंब्यावर एक पांढराशुभ्र पक्षी दिसला... काळं डोकं आणि रिबिनीसारखी लांबच लांब शेपटी! पॅराडाइज फ्लायकॅचर! मी वेड्यासारखे फोटो काढले.

रात्री घरी लॅपटॉपवर झूम केलं तर तो चक्क घरट्यात बसलेला. आणि फांदी तीच, जी पाण्याच्या मोटारच्या वायरला घासून ठिणग्या उडतात म्हणून मामा सकाळी तोडणार होते... मामांचा फोन बंद.

मग फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला. आपलं मराठी इंग्लिश मीडियमचं, म्हणून पक्ष्याचं मराठी नाव मुद्दाम ॲपमध्ये शोधलं. "मामा, आंब्यावर स्वर्गीय नर्तक बसलाय. प्लीज फांदी तोडू नका!"

सकाळी सहाला मामींचा फोन. "अगं, कोण वारलं? आन् वारलं तर आंब्यावर कशाला बसलंय?"

स्वर्गीय म्हणजे वारलेला, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं... तिकडे फांदी तोडायला आलेल्या भीमाकाकांनी कुऱ्हाड खाली ठेवली होती. "लांब पांढरं कायतरी हालतंय वर. म्या नाय चढत."

भुताच्या नावाखाली घरटं वाचवणं मला पटेना. पहिल्या बसने करमाड गाठलं. मामा वैतागलेले. "एका पाखरापायी मोटार बंद ठिवू? मोसंबी वाळंल ना माझी!"

म्हटलं, फक्त पाच मिनिटं बघा... आणि दुर्बीण त्यांच्या हातात दिली. घरटं केवढं, तर चहाच्या कपाएवढं. गवताचं, वरून कोळ्याच्या जाळ्यानं लिंपलेलं. त्यातून एक तपकिरी, आखूड शेपटीची मादी उडाली आणि लगेच नर येऊन बसला. शेपटी मावेना, ती बाहेर लोंबत राहिली.

मामा हळूच म्हणाले, "बाप बसतो व्हय अंड्यावर?"

मी सांगितलं, दोघं पाळीपाळीनं बसतात. मामी मागून म्हणाल्या, "बघा, शिका जरा! आपली पोरं लहान होती तेव्हा पाळण्याकडं फिरकला नाहीत तुम्ही."

"त्याला मोसंबी असती मंग कळलं असतं," मामा म्हणाले. पण दुर्बीण काही डोळ्यांवरून निघेना...

शेवटी त्यांनी मेन स्विच बंद केला. भीमाकाकांनी लांब एक बांबू रोवला आणि वायर तिकडून फिरवली. फांदी तशीच राहिली, मोसंबीलाही दुपारी पाणी सुटलं.

काल मामांचा फोन आला. आवाज इतका बारीक, की मी घाबरले. म्हटलं, बरं नाही का?

"बराय गं. झाडापाशी हाये... पिल्लं निजलीत."

थँक्यू, मामा. इतका गोड फोन मला आजवर कुणी केला नव्हता.